सुचण्याचा रियाज: रोजच्या आवाजांतून नवं संगीत कसं काढायचं

गळ्याचा रियाज होतो, हाताचा होतो. सुचण्याचा रियाज मात्र फारसं कुणी करत नाही. ते आपोआप व्हायचं म्हणून सोडून दिलेलं असतं. मग महिनोन्‌महिने कोरडे जातात आणि ‘आपल्यात ते नाहीच’ असं मनाशी पक्कं होत जातं. खरं तर बहुतेक वेळा सुचलेलं असतं. दात घासताना, जिना उतरताना, झोप लागता लागता एखादी सुरावट येऊन गेलेली असते. ती पकडलेली नसते, किंवा पकडून पुन्हा कधी ऐकलेली नसते.

म्हणून हा सराव चार कामांचा आहे: ऐकणं, पकडणं, बदलणं, निवडणं. गायक असा, वादक असा, चाली बांधत असा किंवा संगणकावर संगीत करत असा, कामं हीच. वेळ लागतो रोज वीस मिनिटं आणि आठवड्यातून एकदा पाऊण तास. चारांपैकी निवडण्याचं काम लोक सर्वांत जास्त टाळतात, आणि बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. त्याकडे नंतर येऊ.

आधी फोन नीट लावून घ्या

वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही. फोनवरचं रेकॉर्डिंग ॲप पुरतं, पण त्यातल्या तीन गोष्टी तपासा. पहिली, आवाज साफ करणारी सोय (नॉइज रिडक्शन) बंद करा. ती बोलणं ठेवते आणि बाकी सगळं पुसते, आणि आपल्याला नेमकं ते बाकीचंच हवं असतं. दुसरी, आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय असेल तर तीही बंद करा. नाहीतर शांत जागी पाठीमागचा घरघराट फुगतो आणि टाळी वाजली की सगळंच दबतं. तिसरी, फाइल शक्य तर वेव्ह स्वरूपात घ्या, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. एकाच चॅनेलच्या अशा रेकॉर्डिंगला मिनिटाला साधारण ८.६ मेगाबाइट लागतात, म्हणजे वीस सेकंदांच्या तुकड्याला तीन मेगाबाइटही नाहीत. पातळी हाताने ठेवता येत असेल तर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा (शून्य म्हणजे आवाज फाटायची सीमा).

बाहेर वारा असेल तर माइकवर सुती कापडाचा एक पदर धरा. वाऱ्याचा फडफडाट नंतर काढता येत नाही.

सोबत एक छोटी वही असू द्या. फोन उघडला की तीन निरोप समोर येतात आणि तेवढ्यात चाल निसटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. ॲपचं बटण पहिल्याच पडद्यावर आणून ठेवा.

ऐकणं: एकाच जागी दहा मिनिटं, तीन फेऱ्या

रोज एक जागा ठरवा: खोली, थांबा, गच्ची, कुठलीही. इयरफोन काढा. पहिली तीन मिनिटं फक्त सूर शोधा, पुढची तीन लय, उरलेली चार पोत. तिन्ही एकदम ऐकायला गेलं की कान ‘गोंगाट’ एवढाच शेरा देतो आणि काम थांबवतो. एका वेळी एकच प्रश्न विचारला की तो उत्तर देतो.

सुराची फेरी फ्रिजपासून सुरू करता येते. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे फ्रिजच्या, ट्रान्सफॉर्मरच्या घरघरीत १०० हर्ट्झचा सूर ठळक असतो. ४४० च्या मेळात (पांढरी सहाचा सूर ४४० हर्ट्झ धरून वाद्यं मिळवतात तो) हा सूर पेटीवरच्या मंद्रातल्या पांढरी पाचच्या किंचित वर येतो, सेमीटोनच्या (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या) साधारण एकतृतीयांशाने, म्हणजे ३५ सेंटने (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग). जिथे वीज ६० हर्ट्झची असते तिथे १२० हर्ट्झचा सूर येतो, आणि तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध बसतो. हा सूर आधार धरून दोन मिनिटं गुणगुणा: त्याचा पंचम, मग गंधार, मग कोमल निषाद. फुकटचा आधारस्वर आहे आणि तो ढळत नाही. हीच घरघर रेकॉर्ड करून पुढे मेळातल्या वाद्यासोबत लावली की काहीतरी खटकत राहतं आणि कारण कळत नाही. कारण तेच ३५ सेंट. एडिटरमध्ये तेवढी खाली उतरवा, नाहीतर वाद्य तिच्याशी मिळवून घ्या. दुसरा मार्ग अधिक गोड लागतो, असं आमचं मत.

छोट्या, कडक भिंतींच्या खोलीत आवाज का फुलतो तेही याच फेरीत तपासा. खर्जातून सुरुवात करून ‘म्‌’ असा मिटल्या ओठांनी हळूहळू चढत जा. एका ठरावीक सुरावर खोली एकदम भरून येते. समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर दोन मीटर असेल तर ती जागा ८६ हर्ट्झच्या जवळ सापडते, आणि पुन्हा तिच्या दुपटीला, १७२ ला. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला अंतराच्या दुपटीने भागलं की हा आकडा निघतो. प्रत्येक खोलीचा असा स्वतःचा षड्ज असतो. त्या दिवसाची गुणगुण त्याच षड्जात करा. नेहमीच्या पट्टीतून बाहेर पडलं की गळ्याच्या सवयीच्या जागा बदलतात आणि नवी वळणं निघायला लागतात.

रस्त्यावर भरधाव गाडी हॉर्न वाजवत समोरून निघून जाते, तेव्हा सूर उतरतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो किती उतरतो हे मोजून बघा. ताशी ७० किलोमीटरच्या गाडीचा हॉर्न जवळून जाताना जवळजवळ बरोबर एका पूर्ण स्वराने उतरतो, रे वरून सा वर. ताशी ५० ला तो उतार सेमीटोनच्या सुमारे १.४ पट असतो, म्हणजे पेटीच्या कुठल्याच दोन पट्ट्यांमध्ये न मावणारा. ही मींड गळ्यातून काढायचा प्रयत्न करा. उतार सरळ रेषेत नसतो: आधी सूर स्थिर राहतो, मध्ये झपकन घसरतो, पुन्हा स्थिर होतो. एकसारखी मींड घेणाऱ्या गायकाला आणि सारंगी, व्हायोलिन वाजवणाऱ्याला यातून एक वेगळाच आकार मिळतो.

लयीच्या फेरीत १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि चारने गुणा, झाला मिनिटाचा वेग. गाड्यांचे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० या टप्प्यात उघडमीट करतात. सिग्नलला दोन गाड्या पुढेमागे उभ्या असतील आणि एकीचा वेग ८०, दुसरीचा ८४ असेल, तर दोन्ही दिवे दर १५ सेकंदांनी एकदा अगदी एकत्र लागतात आणि मधल्या वेळात हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात. याच सरकण्यावर अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६५ मध्ये टेपवर काम केलं: बोलण्याचा एकच तुकडा दोन यंत्रांवर, वेगात किंचित फरक. तुम्हाला टेप लागणार नाही. एका हाताने मांडीवर स्थिर ठेका धरा, दुसऱ्याने तोच ठेका किंचित चढा धरून पुढे सरकवत न्या आणि बरोबर एक मात्रा पुढे गेल्यावर पुन्हा जुळवा. पहिले काही दिवस हात लगेच एकमेकांना चिकटतात. जोडीदार असेल तर एकाने स्थिर राहायचं, दुसऱ्याने सरकायचं.

पोताच्या फेरीत आवाजाला नाव देऊ नका, वर्णन द्या. ‘दार’ असं न लिहिता ‘कोरडं, खरखरीत, शेवटी टोकदार’ असं लिहा. नाव दिलं की ऐकणं थांबतं. इथे एक प्रयोग जरूर करा. भांड्याचा किंवा घंटेचा नाद रेकॉर्ड करा आणि सुरुवातीचा आघात, साधारण पहिला दशांश सेकंद, कापून टाका. उरलेला नाद घंटेचा म्हणून ओळखूच येत नाही. फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा वाटायला लागतो. पॅरिसमध्ये फ्रेंच संगीतकार पिएर शेफेर यांनी १९४८ च्या सुमारास तबकड्यांवर असेच प्रयोग केले. आज फोनवर ते काम अर्ध्या मिनिटाचं आहे.

पकडणं: पंचवीस सेकंदांची रीत

सुचलेली चाल नुसती गुणगुणून रेकॉर्ड करणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. चार दिवसांनी ती ऐकली की समजतच नाही यात विशेष काय होतं. बहुधा समच, म्हणजे तालाची पहिली मात्राच, हरवलेली असते. समजा चाल समेच्या अर्धी मात्रा आधी उचलली होती. ठेक्याशिवाय ऐकताना कान पहिल्या सुरालाच सम मानतो, सगळे सूर अर्धी मात्रा सरकतात आणि जी ओढ होती ती जाते. चाल वाईट नव्हती, ती चुकीच्या जागी ऐकली गेली. म्हणून दर वेळी हाच क्रम ठेवा:

१. एका वाक्यात काय आहे ते बोला: ‘जिन्यात, उतरताना, मुखड्यासारखं.’
२. दोन आवर्तनं चुटकी किंवा टाळी द्या, समेवर जोरात.
३. सा दोन सेकंद धरा.
४. टाळी न थांबवता चाल गा. मग लगेच दुसऱ्यांदा गा.
५. मनात तिच्याभोवती काय वाजत होतं ते सांगा: ‘खाली एकच स्वर, ढोलकी नको, फार सावकाश.’

चाल दोनदा गाण्याला कारण आहे. दोन्ही वेळा जे सूर सारखे आले ते खरोखर सुचलेले असतात. जिथे फरक पडला तिथे मन अजून ठरवतंय, आणि पुढे बदल करायच्या जागा नेमक्या त्याच असतात.

फोन जवळ नसेल, हात ओले असतील, तर चालीवर कुठलेही शब्द चढवा. अर्थ नसला तरी चालेल, अक्षरं तेवढी मोजून बसवा. सूर विसरतो, शब्द राहतात, आणि शब्द आठवले की त्यांना धरून सूर परत येतो. असे पाच वेळा म्हटलं तर तासभर तरी चाल टिकते.

फाइलला नाव तिथल्या तिथे द्या: तारीख, जागा, वेग, पट्टी. ‘०३१२ जिना १०८ काळी२’ असं नाव महिन्याभरानेही बोलतं. ‘नवीन रेकॉर्डिंग ४७’ हे नाव पुन्हा कधी उघडलं जात नाही.

बोलण्यातली चाल

रोजच्या जगण्यातली सर्वांत मोठी खाण ही आहे, म्हणून इथे थोडं थांबू. चेक संगीतकार लेओश यानाचेक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२८ मध्ये मृत्यू होईपर्यंत लोकांच्या बोलण्यातल्या सुरावटी स्वरलिपीत टिपत राहिले, आणि सोबत कोण बोललं, कुठल्या प्रसंगी बोललं हेही लिहीत गेले. प्रसंग लिहायचा, कारण तेच शब्द रागात वेगळ्या सुरात येतात आणि काळजीत वेगळ्या.

एक साधं वाक्य घेऊ: ‘दार लावून घे रे.’ बाहेर पडता पडता, पाठ फिरवून म्हटलेलं.

आधी ते पाच वेळा नेहमीसारखं बोला आणि रेकॉर्ड करा. मग शब्द काढून फक्त ‘हं’ वर तीच चढउतार गुणगुणा. बोलताना सूर सतत घसरत असतो, त्यामुळे प्रत्येक अक्षरासाठी सूर शोधायला जाऊ नका. दोनच गोष्टी पक्क्या करा: सर्वांत वर कुठे गेलं आणि शेवट कुठे झाला. इथे चढ ‘ला’वर आहे आणि ‘रे’ सुरुवातीच्याही खाली उतरतो. मधले सूर त्या दोन टोकांना जोडून बसवायचे. आठ मात्रांत ते असं बसतं (अक्षराखाली बिंदू म्हणजे मंद्र, ऽ म्हणजे आधीचाच सूर लांबवायचा):

सा ऽ ग रे | सा नि़ ऽ ऽ
दा र ला वून | घे रे ऽ ऽ

एवढ्यावर थांबलं तर ती नक्कल राहते. आता बदल सुरू. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे चांगलं लागलं ते कळत नाही.

उलटं करा, म्हणजे जिथे वर जात होतं तिथे तेवढंच खाली: सा ऽ ध़ नि़ | सा रे ऽ ऽ. लय तीच राहिली, पण आज्ञेचा प्रश्न झाला. शेवट आता वर उघडतो आणि पुढच्या ओळीची वाट बघतो.

मागून पुढे म्हणा: नि़ सा रे ग सा. सरळ चढत जाणारी आणि शेवटी सा वर परत येणारी ही ओळ मूळ वाक्याशी नातं सांगत नाही, पण दोन्ही एकापाठोपाठ म्हटल्या की एकाच घरातल्या वाटतात.

शेपटीतली एक मात्रा कापा. ओळ सात मात्रांची झाली. ती आठ मात्रांच्या ठेक्यावर पुन्हा पुन्हा म्हणत राहा. दर वेळी ती एक मात्रा आधी सुरू होते आणि आठ वेळा म्हटल्यावर, ५६ व्या मात्रेनंतर, पुन्हा समेवर येते. सात आवर्तनांचा हा प्रवास तबलजीसोबत करून बघण्यासारखा आहे.

सूर बाजूला ठेवून नुसतं वजन घ्या. वृत्तात मोजतात तसं ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन: दा‑र‑ला‑वू‑न‑घे‑रे म्हणजे २ १ २ २ १ २ २, एकूण १२. प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला टाळी द्या, बारा मात्रांचा एक डौलदार, जरा लंगडणारा ठेका तयार होतो. पश्चिम आफ्रिकेत लोखंडी घंटेवर वाजणारा बारा मात्रांचा जो प्रसिद्ध ठेका आहे (२ २ १ २ २ २ १), तोच हा, फक्त वेगळ्या जागेपासून सुरू केलेला. आणि २ म्हणजे पूर्ण स्वर, १ म्हणजे सेमीटोन असं धरलं तर हीच रांग आसावरी थाटाची होते: सा रे कोमल ग, म, प, कोमल ध, कोमल नि, सा. घरातल्या एका साध्या वाक्यात ठेका आणि थाट दोन्ही बसलेले सापडतात तेव्हा खरोखर आनंद होतो. प्रत्येक वाक्यात असं जुळत नाही, पण वजन मोजण्याची सवय लागली की न जुळणारी वाक्यंही ताल देतात.

दुसऱ्याचं बोलणं न विचारता रेकॉर्ड करू नका. चढउतार ऐकून लगेच स्वतःच्या आवाजात गुणगुणा, तेवढंच ठेवा. शब्द आणि माणूस आपल्याला नकोच आहेत.

चालताना

साधारण चालीत मिनिटाला शंभर ते एकशेवीस पावलं पडतात, म्हणजे मध्य लयीचा ठेका पायात आयताच असतो. चार किंवा आठ मात्रांचं काही म्हटलं की सम नेहमी एकाच पावलावर येते आणि पाच मिनिटांत कंटाळा येतो. सात मात्रा मोजा. पहिल्या आवर्तनाची सम उजव्या पावलावर, पुढच्याची डाव्यावर, आणि चौदा पावलांनी पुन्हा उजवीकडे. शरीराला हे लगेच जाणवतं, आणि ओळीची जड बाजू आपोआप बदलत राहते. श्वासालाही यात घ्या: तीन पावलं आत, चार पावलं बाहेर. जे सुचतं ते चार पावलांच्या बाहेरच्या श्वासात मावलं पाहिजे, म्हणजे ते गाण्याजोगंच निघतं.

चालताना पाऊल मेट्रोनोमसारखं धरू नका. चढाला वेग कमी होतो, होऊ द्या. त्या मंदावण्यात आलेली ओळ बहुतेकदा सपाट रस्त्यावरच्या ओळीपेक्षा मोकळी असते. रस्ता ओलांडताना मात्र मोजणं थांबवा.

रियाजातल्या चुकांची वही

हातातून तीच चूक तिसऱ्यांदा झाली की ती लिहून ठेवा. दमल्यामुळे होणारी चूक दर वेळी वेगळ्या जागी होते, तिचा उपयोग नाही. सवयीची चूक मात्र दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेने होते. म आणि प घ्यायचे असताना बोट सारखं ध वर जातं, तर हाताला तिथे एक वाट दिसते आहे. रियाज संपल्यावर ती चूक मुद्दाम, निम्म्या लयीत, दहा वेळा वाजवा आणि तिच्यापुढे काय आलं तर बरं वाटेल ते शोधा. हे रियाजाच्या मध्ये करू नका. मध्ये केलं तर दुरुस्तीही होत नाही आणि शोधही नीट होत नाही.

उलट बाजूही आहे. वाद्य हातात घेऊन सुचवायला बसलं की बोटं पाठ असलेल्या जागीच जातात. म्हणून आधी गळ्यातून काढा, मग वाद्यावर बसवा. गळा ज्यांचा नेहमीचा आहे त्यांनी उलट करावं: पेटीवर एका बोटाने, न गाता, शोधावं. आपल्याला जे कमी येतं तिथे सवय कमी असते.

बंधन घाला

कोऱ्या वेळात काही येत नाही, अडचणीत येतं. तीनच सूर, पाच मिनिटं. किंवा सहा सूर, पण एकही दोनदा लगोलग नाही. किंवा सारेगम, रेगमप असा चारचारचा पलटा घेऊन जोर दर तिसऱ्या सुरावर; जोर आणि पलटा बारा सुरांनी पुन्हा जुळतात, आणि तोवर पाठ झालेला पलटा अनोळखी लागतो. संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये अशा सूचनांच्या पत्त्यांचा एक संचच काढला होता. स्वतःच्या वीस सूचना चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका आणि रोज एक काढा. निघालेली चिठ्ठी आवडली नाही म्हणून परत टाकायची नाही, एवढा एकच नियम. तो मोडला की आपण पुन्हा सोयीचंच करायला लागतो.

आठवड्याची निवड

आता ते टाळलं जाणारं काम. दर आठवड्याला एकच वार, एकच वेळ ठरवा, पंचेचाळीस मिनिटं. तोवर आठवड्यातले पंधरा-वीस तुकडे जमलेले असतात. वाद्य न घेता सगळे सलग एकदाच ऐका आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करा: परत ऐकावंसं वाटलं, नाही वाटलं, कळत नाही. ‘चांगलं’, ‘वाईट’ असे शब्द वापरू नका. ते दुसऱ्यांच्या नजरेने बघायला लावतात.

दोन दिवसांपेक्षा ताजे तुकडे पुढच्या आठवड्यासाठी ठेवा. त्याच दिवशी ऐकलं तर मनात होतं ते ऐकू येतं, रेकॉर्ड झालेलं ऐकू येत नाही. दोन दिवसांनी मनातलं पुसट होतं आणि तुकडा स्वतःच्या पायावर उभा आहे का ते कळतं.

पहिल्या खुणेचे जास्तीत जास्त तीन ठेवा. अधिक असतील तर पुन्हा ऐकून कमी करा. बाकीचे पुसू नका, ‘जुने’ म्हणून वेगळे ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा उघडा. तेव्हा ‘कळत नाही’ मधलेच बरेचदा उपयोगी निघतात, कारण मधल्या काळात कान पुढे गेलेला असतो.

तीनशे तुकडे साठून पडलेले असतील तर सगळे ऐकायचा संकल्प करू नका, तो तडीस जात नाही. गेल्या महिन्याचे घ्या आणि तिथून नव्याने नेम धरा.

तुकड्यापासून एक मिनिट

निवडलेल्या एका तुकड्याचं एका तासात एक मिनिटाचं काहीतरी पुरं करा. आठ मात्रांची ओळ ९६ च्या लयीत बरोबर पाच सेकंदांची होते, म्हणजे मिनिटात एकेका ओळीची अशी बारा घरं भरायची आहेत. पहिली दोन घरं ओळ आहे तशी, कारण ऐकणाऱ्याला ओळख पटायला दोन वेळा लागतात. तिसऱ्यात फक्त शेपूट बदला, चौथ्यात पुन्हा मूळ. पाच ते आठ उलटी केलेली ओळ, पंचमावरून. नऊ आणि दहामध्ये सूर काढून टाका, नुसतं वजन ठेक्यावर. अकरा आणि बारा मूळ ओळ, शेवटचा सूर लांबवून.

याला साचा समजलात तरी चालेल. पहिले दहा-बारा तुकडे साच्यातच करा. इथे बिघडतं ते पहिल्याच दोन घरांना घासत बसल्यामुळे. वाद्य कुठलं, गुंज किती, हे तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत. आधी बारा घरं भरलेली दिसली पाहिजेत. आणि रेकॉर्ड केलेला मूळ आवाज, मग तो जिना असो की पाऊस, सजावट म्हणून वर शिंपडू नका. तो ठेवायचा असेल तर त्याला एखाद्या वाद्याचं काम द्या: ठेका धरायचं किंवा आधारस्वराचं. काम नसेल तर काढा.

चाल कुठे ऐकलेली तर नाही ना, ही शंका येणारच. ती ओळ गुणगुणून गाणं ओळखणाऱ्या एखाद्या ॲपला ऐकवा आणि वेगवेगळं संगीत ऐकणाऱ्या दोघांना ऐकवा. चार-पाच सूर सारखे निघणं अटळ आहे, सप्तकात सूरच मोजके. सूर, लय आणि वजन तिन्ही लांबवर जुळत असतील तर ओळ बदला. ‘अमुक इतके सूर घेतले तर चालतात’ असा कायद्यात आकडा नाही, त्यामुळे त्या ऐकीव समजावर विसंबू नका.

कोरडे दिवस

आजारपण असेल, कामाचा रेटा असेल, तर वीस मिनिटं जमणार नाहीत. त्या दिवसांत बदलणं आणि निवडणं सोडून द्या, पण पकडणं चालू ठेवा: दिवसाला एकच तुकडा, वर सांगितलेल्या रीतीने, पंचवीस सेकंद. काहीच सुचलं नाही तर त्या क्षणी जो आवाज येतोय त्याचा सा शोधा, वेग मोजा आणि तेवढंच बोलून ठेवा: ‘पंखा, सा काळी एकच्या जवळ, खडखड मिनिटाला १३२.’ झोपताना फोन हाताशी ठेवा, पडद्याचा उजेड सर्वांत कमी करून. झोपेच्या काठावर आलेली ओळ ‘सकाळी आठवेल’ म्हणून सोडली तर ती आठवत नाही. उठून बसायची गरज नाही. अंधारात, कुजबुजत, चार चुटक्या, सा, चाल दोनदा. सकाळी ऐकायची घाई करू नका. दोन दिवस जाऊ द्या आणि ती नेहमीच्या वारी, नेहमीच्या वेळी बाकीच्यांसोबत ऐका.